डाव्या वळणाला घोरणारी बस

बेर्ती ड्रायव्हर शिवणखान्याच्या दारात येऊन उभा राहिला, पण आत येईना. टोपी काढून तिची कड नुसती चाचपत राहिला. एरवी हा माणूस आला की आधी पिरीच्या डब्याचं झाकण उघडायचा आणि मग सगळ्यांची विचारपूस करायचा. म्हणून पिरीने मशीन थांबवलं आणि विचारलं, की बाबा, कुणी मेलंबिलं की काय.

"मेलेलंच आहे," बेर्ती म्हणाला. "एतेलमावशींशी बोलायचंय. बाहेर."

एतेलने दातात धरलेला दोरा तोडला आणि उठली. बुडापेस्टच्या कडेला असलेल्या या बसच्या कारखान्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि ते सगळं एकाच गोष्टीत गेलं होतं: भाते शिवण्यात. जोडबस म्हणजे दोन डबे, आणि दोन डब्यांच्या मध्ये भाता. रबर चढवलेलं जाड कापड, त्याच्या घडीवर घडी, घडीच्या कडेला धातूची पट्टी. बस वळली की एका बाजूच्या घड्या मिटतात आणि दुसऱ्या बाजूच्या उघडतात. एतेलच्या हाताखालच्या बायकांनी शिवलेले भाते कुठल्या कुठल्या बर्फाळ शहरांतून फिरून आले होते, बायका मात्र ट्रामने घरी जायच्या आणि ट्रामनेच परत यायच्या.

बाहेर भिंतीला टेकून बेर्तीने सांगितलं. नवी बिनपायरीची जोडबस तो दोन दिवस अंगणात फिरवत होता. उजवीकडे घेतली की काही नाही. डावीकडे घेतली की मागे कुणीतरी घोरतं.

"भात्याला भोक असेल," एतेल म्हणाली. "वारा जातो."

"मावशी, चाचणीच्या दौऱ्यांवर मी रेझोकाकांच्या खोलीत झोपलोय. एक नाही, कितीतरी हिवाळे. श्वास संपताना शेवटी ती शीळ येते ना, तुटक्या नाकातून? ती मला उशीखाली डोकं घातलं तरी ऐकू यायची. मला भोक आणि रेझोकाका यांतला फरक कळतो."

एतेल त्याच्यावर चिडली नाही. दूध उतू गेलं तर कुणी जसं म्हणेल, तसं ती म्हणाली, की बघते. फक्त आत जाताना तिने दाराची चौकट धरली, आणि पिरीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

रेझो म्हणजे एतेलचा नवरा. कारखान्याचा चाचणी-ड्रायव्हर. शिपाईगिरीच्या दिवसांत कुणा दोस्ताच्या कोपराने त्याचं नाक मोडलं होतं आणि ते बसवणाऱ्या डॉक्टरला घरी जायची घाई होती, असं तो सांगायचा. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात एतेल रोज रात्री त्याला कुशीवर वळवायची. नंतर नाद सोडला. मग असं झालं की त्या शिळेशिवाय तिला झोप लागेना.

त्याचं मरणही या बिनपायरीच्या बसशीच बांधलेलं. इंजिनिअर सालोकी परदेशातल्या कुठल्याशा शहरात जाऊन आले होते, आणि तिथे त्यांनी एक बस पाहिली होती. थांब्यावर आल्यावर तिने एक उसासा सोडला, फुटपाथच्या बाजूला गुडघा टेकल्यासारखी झुकली, आणि एक म्हातारी पिशवी घेऊन स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरावं तशी आत गेली. परत आलेल्या सालोकींना दुसरं काही सुचेना. आपल्या बसला तीन उंच पायऱ्या, आपल्या म्हाताऱ्या त्या दांड्याला लटकून चढतात, मागचे लोक त्यांना ढकलतात, आणि ड्रायव्हर आरशात बघून करवादतो. पण फरशी खाली आणायची तर पोटाखालचं इंजिन काढून अगदी मागच्या टोकाला टाकावं लागतं. म्हणजे आजवर पुढचा डबा मागच्याला ओढत होता, आता मागचा पुढच्याला ढकलणार. ड्रायव्हर लोक म्हणाले, मागून ढकललेलं काहीही मध्येच दुमडतं, चाकूचं पातं मिटावं तसं. ते दुमडू नये म्हणून सांधा ताठ धरणारं एक यंत्र बसवलं, आणि ते पारखायला गाडी अंगणात गोल गोल फिरवायची ठरली, बाकांवर माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या बसवून.

"इतकी वर्षं शेपटी मी ओढली," रेझो म्हणाला होता. "आता शेपटी मला कुठे नेते बघू."

ती त्याला कुठेच घेऊन गेली नाही. चार वर्षांपूर्वीच्या त्या शरदातल्या दुपारी बस डावीकडे वळत राहिली, हळूहळू, एकाच वर्तुळात. पेडलवर पाय नसला तरी ती तशी सरपटायची. सगळ्या कारखान्याने खिडक्यांतून पाहिलं. एतेलने खिडकीतून कापडाचा तुकडा हलवला, जेवायला ये म्हणून. त्याने काही हात केला नाही, पण चाचणी चालू असताना तो कधीच करायचा नाही. लोक जेवले. वाडग्यातलं सूप निवलं. मग सालोकींच्या लक्षात आलं की वर्तुळाचा वेग कणभरही बदललेला नाही, आणि ते धावले. रेझोचा हात स्टिअरिंगच्या आऱ्यांत अडकलेला होता, हृदय कधीच थांबलेलं, आणि मागे गोण्या आपापल्या जागी गुमान बसून होत्या. मेलेला माणूस किती वेळ गाडी चालवत होता ते कुणालाच सांगता आलं नाही. अंगणातल्या फरसबंदीवर टायरचं काळं कडं मात्र उमटलं होतं, आणि पुढचा सबंध हिवाळा बर्फ वितळला की ते पुन्हा दिसायचं.

त्यानंतर ती गाडी मोडीत निघाली. मग राज्य बदललं, रशियाच्या मागण्या बंद पडल्या, अर्ध्या शेडना कुलपं लागली. आता सगळीच शहरं बिनपायरीच्या बस मागू लागली होती, म्हणून सालोकींनी धूळ झटकून तेच आराखडे पुन्हा काढले. उभी राहिली ती ही एकच गाडी.

दुसऱ्या दिवशी दुपारी एतेल त्या गाडीत जाऊन बसली. सांध्यापाशी, जिथे गोल तबकडीवर फरशी फिरते, तिथल्या डाव्या बाकावर. मांडीवर डबा, डब्यात चरबी लावलेला पाव आणि कांदा. बेर्तीने गाडी डावीकडे घेतली. तिच्या शेजारच्या घड्या एकेक करून मिटू लागल्या, आणि त्यांच्या आतून आवाज आला. आधी घशातली खरखर. मग थोडा खंड, ज्या खंडात ती इतकी वर्षं दम धरून राहायची. आणि मग ती शीळ.

एतेलने पावाचा घास तोंडात तसाच ठेवला. बेर्तीने गाडी थांबवली, आवाज थांबला.

"ऐकलंत?" त्याने आरशातून विचारलं.

"फिरव अजून," ती म्हणाली.

त्या दिवशी ती सालोकींना म्हणाली, की कापड नवं आहे, ताठ आहे, थोडं चाललं की बसेल. हे खोटं होतं. सगळंच कापड नवं नव्हतं, आणि ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. भाता पुरा करायला कापड कमी पडलं तेव्हा तिने मोडीत निघालेल्या त्या पहिल्या गाडीच्या भात्यातल्या काही घड्या उसवून यात जोडल्या होत्या. घड्या चांगल्या होत्या. त्या दुपारभर मिटून राहिल्या होत्या, तेवढंच. शिवताना तिला वाटलं होतं, इतकं चांगलं कापड वाया का घालवा. कारखान्यात वाढलेल्या बाईला दुसरं काय वाटणार.

मग ती रोज जायची. दुपारची सुट्टी झाली की डबा घेऊन सांध्याजवळ बसायची आणि बेर्ती निमूट डावीकडे फेऱ्या मारायचा. आधी ती नुसती ऐकायची. मग बोलायला लागली. घरची शेगडी धूर ओकते. जावयाने मिशा ठेवल्यात, चांगल्या दिसत नाहीत, पण मुलीपुढे बोलायची सोय नाही. तू असतास तर बोलला असतास आणि मग मलाच निस्तरावं लागलं असतं. घोरणारा माणूस जेवढी उत्तरं देतो तेवढी तो द्यायचा. इतकी वर्षं संसार केला तेव्हाही याहून जास्त देत नव्हता, आणि तेवढ्यावर तिचं भागायचं.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. रंगकामाच्या शेडमधले म्हातारे एकेक करून यायचे, टोपी काढून मागच्या डब्यात उभे राहायचे, एक फेरा ऐकायचे आणि डोळे पुसत किंवा हसत उतरायचे. एकाने पालिंकाचा, फळांच्या कडक दारूचा घोट मागच्या चाकावर ओतला. पिरी तेवढी आली नाही. ती म्हणाली, नवऱ्याचं घोरणं ऐकायला तिला अंगणात जायची गरज नाही, घरी एक आहे आणि तो जिवंत आहे, हीच तर अडचण आहे. बायका हसल्या. एतेलही हसली. पण पिरीने पाहिलं होतं की एतेल वाळत चालली आहे. एतेल रात्री घरी जाते खरी, पण झोपते ती दुपारी, बसमध्ये, डोकं भात्याला टेकवून. गाडी थांबली की जागी होते आणि डोळे उघडल्यावर क्षणभर कुणाला ओळखत नाही.

ऑक्टोबर संपत आला तसे सालोकी शिवणखान्यात आले. शहराची बससेवा ही गाडी चालवून बघणार होती, आणि त्यासाठी त्यांनी दिवस निवडला होता सर्व संतांचा. त्या दिवशी सगळं शहर कबरींवर शेवंती आणि मेणबत्त्या घेऊन निघतं. म्हाताऱ्या माणसांची सगळ्यात मोठी गर्दी, प्रत्येकाच्या हातात कुंडी, गुडघे थंडीने आखडलेले. बिनपायरीच्या बसची याहून खरी परीक्षा नव्हती. शहराकडून एक बाई येणार होत्या, त्या सबंध रस्ता गाडीत बसणार होत्या आणि त्यांच्या एका शब्दावर सगळं ठरणार होतं. गाडी पसंत पडली तर कारखाना हिवाळा काढणार होता. नाही पडली तर शिवणखान्यालाही कुलूप.

"एतेलबाई," सालोकी मशीनकडे बघत म्हणाले. "तो आवाज तुम्ही बंद करू शकाल का, एवढंच विचारतो. कसला आहे ते विचारत नाही."

ते गेल्यावर पिरीने खुर्ची ओढली आणि एतेलच्या समोर बसली. या वेळी तिने थट्टा केली नाही.

"जुन्या घड्या घातल्यास ना? मी मापं बघितलीत, बोलले नाही. आता काढ."

"काढल्या तर तो जाईल."

"आणि नाही काढल्यास तर तू जाशील. आणि आम्हा वीसजणींना बरोबर नेशील. तुझ्या नवऱ्यासाठी मी रडले, एतेल, खरंच रडले. पण त्याच्या झोपेसाठी माझी नोकरी घालवणार नाही."

संध्याकाळपर्यंत एतेल मशीनवर बसून राहिली आणि काहीच शिवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भाता उतरवायला सांगितला. सालोकींनी कुठूनतरी थोडं नवं कापड पैदा केलं होतं. एतेलने जुन्या घड्या स्वतः उसवल्या, कुणाला हात लावू दिला नाही. टाका टाका कापताना तिचे ओठ हलत होते, पण काय म्हणत होती ते कुणाला कळलं नाही. नव्या घड्या जोडून झाल्यावर शेडच्या खिडक्यांना गोणपाट लावलं, भात्याच्या आत दिवा ठेवला, आणि ती बाहेरून अंधारात एकेक शिवण बघत गेली. सुई शिरेल एवढीसुद्धा उजेडाची टिकली कुठे दिसली नाही. इतका बिनचूक भाता तिने आयुष्यात शिवला नव्हता.

बेर्तीने गाडी अंगणात काढली आणि डावीकडे घेतली. एतेल बाकावर, पिरी तिच्या शेजारी.

खरखर. खंड. शीळ.

पिरीने छातीवर क्रॉसची खूण केली आणि एतेलचा हात धरला. एतेलचा हात गरम होता, पिरीचा गार. जुन्या कापडात काही नव्हतं. भोकात काही नव्हतं. आता शिवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सर्व संतांच्या दिवशी आभाळ खाली आलं होतं आणि सगळ्या गावाला मेणाचा वास येत होता. पहिल्याच थांब्यावर लोकांची झुंबड उडाली. बेर्तीने कळ दाबली, गाडी सुस्कारा सोडून झुकली, आणि सवयीने दांडा पकडायला हात वर केलेल्या म्हाताऱ्या तशाच हवेत हात धरून आत चालत आल्या, पायरी शोधत. एका आजोबांनी तर पाय उंच उचलून टाकला आणि तोंडावर आपटता आपटता वाचले. ते बायकोला म्हणाले, की बघ, आता आपण मरायला मोकळे, गाडी थेट घरात येते. बायको म्हणाली, आधी कुंडी नीट धरा. बाळगाड्या आल्या, काठ्या आल्या, पांढऱ्या-पिवळ्या शेवंतीने डबे भरून गेले. शहराच्या बाई पुढच्या बाकावर बसल्या होत्या. अंगात राखी कोट, चेहरा असा की त्यावरून काही कळू नये. सालोकी त्यांच्यामागे उभे होते आणि प्रत्येक वळणाला दांडा घट्ट धरत होते.

एतेल सांध्याजवळ उभी. तिच्या हातात फूल नव्हतं. चार वर्षांत ती या दिवशी कबरीवर गेली नव्हती. सांगायला कारणं होती, सर्दी, पाऊस, नातवंडं.

बाजाराच्या चौकात गाडी डावीकडे वळली आणि तो घोरला. भरल्या गाडीत, फुलांच्या वासात, मोठ्याने. तबकडीवर उभी असलेली माणसं इकडे तिकडे बघू लागली. एक बाई शेजारणीला कुजबुजली, की दिवसाढवळ्या कोण झोपलंय, नक्की दारुडा असणार. राखी कोटातल्या बाईंनी मान वळवली. सालोकींनी डोळे मिटले.

पुढच्या डाव्या वळणाला पुन्हा. गाडीभर माणसं, आणि सगळी गप्प, कुंड्या छातीशी धरून. एक लहान मुलगी भात्याकडे टक लावून बघत होती आणि मग आईच्या कोटात शिरली.

कबरस्तानाच्या फाटकाशी गाडी थांबली, झुकली, सगळी दारं उघडली. लोक उतरले. शहराच्या बाई पाय मोकळे करायला खाली गेल्या, सालोकी त्यांच्यामागे लगबगीने काही समजावत. बेर्ती सिगारेट ओढायला उतरला. जाताना त्याने मागे वळून एतेलकडे पाहिलं आणि इंजिन चालूच ठेवलं.

रिकाम्या गाडीत पाकळ्या सांडल्या होत्या. बाहेर लोकांनी मेणबत्त्या पेटवायला सुरुवात केली होती.

"रेझो," एतेल म्हणाली.

काही नाही. गाडी उभी होती, घड्या सरळ होत्या.

"मला वाटलं तू माझ्यासाठी थांबलायस. नाही रे. तुला कुणी उतरवलंच नाही. तुझं अंग काढून नेलं आम्ही, रडलो, पुरलं. पण गाडी पोचली, असं तुला कुणी सांगितलंच नाही. मी खिडकीतून जेवायला बोलावत राहिले आणि तू वळत राहिलास." तिने कोटाच्या बाहीने नाक पुसलं. "पोचली. शेवटचा थांबा आहे. माणसं चढली, उतरली, कुणी पडलं नाही. मध्ये दुमडली नाही. चांगली गाडी झालीये. आता उतर."

ती थांबली. तिला वाटलं आपण चुकीचं बोललो, आणि मग तिने खरं होतं ते सांगितलं.

"मला झोप येणार नाही. ते माझं मी बघेन. उतर, पायरीसुद्धा नाहीये."

इंजिन मागे धडधडत होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग तिच्या पायाखालची फरशी, इतका वेळ झुकलेली, सावकाश वर आली. फार नाही. एक भारी माणूस दारातून उतरला की जेवढी येते तेवढीच. बेर्तीला नंतर विचारलं तर तो म्हणाला, की हवेच्या उशा अशाच उशिरा भरतात, त्यात काही नाही. पण हे सांगताना तो टोपीची कड चाचपत होता.

परतीसाठी कबरस्तानासमोर गाडीला पूर्ण डावा वळसा घ्यावा लागतो. राखी कोटातल्या बाई आत येऊन बसल्या, या वेळी सांध्याच्या अगदी जवळ. बेर्तीने स्टिअरिंग फिरवलं. एतेलच्या खांद्याशी घड्या एकेक करून मिटल्या, शेवटच्या घडीपर्यंत. ती दम धरून उभी राहिली, जशी इतकी वर्षं राहायची. कापडाला कापड घासलं. बाहेर कुणीतरी हसलं. घड्या पुन्हा उघडल्या.

"येताना इथे काहीतरी आवाज होता," बाई म्हणाल्या.

"कापड नवं होतं," एतेल म्हणाली. "आता बसलं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, भात्याकडे पाहिलं, आणि हाताने त्याच्या घडीवर हलकेच थोपटलं, घोड्याच्या मानेवर थोपटावं तसं. मग खिडकीबाहेर बघू लागल्या. सालोकींनी दांड्यावरचा हात सैल केला.

बेर्ती आरशातून एतेलकडे बघत होता, म्हणून ती पुढे त्याच्यापाशी गेली. मागे कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू त्याने विचारलं, "मावशी, अजून एक फेरा मारू? डावीकडून?"

फाटकापाशी कबरींवरून परतणारी माणसं रिकाम्या हातांनी थंडीत उभी होती, एकमेकांना चिकटून, रस्त्याकडे डोळे लावून.

"नको," एतेल म्हणाली. "थांब्यावर माणसं ताटकळलीत."